फर्माईश हीच आमची समीक्षा

आमच्या गाण्यांची समीक्षा कोण करतो, असं कुणी विचारलं तर मी विद्यापीठाकडे बोट दाखवणार नाही. गायकाच्या मागे दहा गावं फिरणाऱ्या माणसाकडे दाखवीन. हा माणूस दिवसभर राबतो, संध्याकाळी हातपाय धुऊन कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसतो आणि पंधरा किलोमीटरवरच्या गावात, विहारापुढच्या मंडपात पहिल्या रांगेत जाऊन बसतो. त्याच गायकाचं तेच गाणं त्यानं काल दुसऱ्या गावात ऐकलेलं असतं. तरी येतो. कायले येते? गाणं त्याला पाठ आहे आणि आज ते कसं उतरते हे त्याला पाहायचं असते.

प्रस्थापित साहित्यवाले याला रसिकसुद्धा म्हणत नाहीत, पब्लिक म्हणतात. मी या पब्लिकमधला आहे. भंडारा जिल्ह्यातल्या एका राईस मिलमध्ये पोती वाहतो, कविता लिहितो, आणि 14 एप्रिलपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत जिथं कार्यक्रम असेल तिथं असतो. हे लिहायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

मित्रांनो, आधी वामनदादांचं बोलू. वामन तबाजी कर्डक, जन्म 1922, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. मुंबईत आले, मिळेल ते काम केलं. चाळीत कुणीतरी पत्र वाचायला दिलं आणि वाचता आलं नाही, त्या लाजेतून तरुणपणी त्यांनी अक्षर गिरवलं, असं सांगितलं जातं. 1943 पासून ते गाणी रचू लागले आणि 2004 साली जाईपर्यंत थांबले नाहीत. ना मोठं ऑफिस, ना मॅनेजर. पिशवीत कपडे आणि कागद. या गावचा कार्यक्रम झाला की पुढच्या गावचे लोक न्यायला हजर. कार्यकर्त्याच्या घरी मुक्काम, त्याच्याच घरची भाकर, आणि रात्री नवीन गाणं झालं तर पहिला ऐकणारा त्या घरातलाच.

त्यांच्या मागे फिरणारी माणसं होती. विदर्भातही होती. शाळा दुसरी-तिसरीपर्यंत, पण हातात वही. दादा गात असताना एक जण पहिलं कडवं धरायचा, दुसरा दुसरं, आणि रात्री उतरवून जोडायचे. वामनदादांनी हजारो गाणी लिहिली. 'वाटचाल' 1973 साली आलं, 'मोहळ' 1976 ला, 'हे गीत वामनाचे' 1977 ला. पण पुस्तकात आली ती थोडी. बाकीची लोकांच्या गळ्यात आणि वह्यांत राहिली. दादांच्या पश्चात शिष्यांनी, अभ्यासकांनी गाणी गोळा करायला घेतली तेव्हा त्यांना या वह्यांचीच दारं ठोठवावी लागली. म्हणजे आमचा प्रकाशक कोण? तो मागं फिरणारा माणूस.

अशा काही वह्या मी पाहिल्या आहेत. शंभर पानी, पुठ्ठा गेलेला, वरून कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर. तारीख नाही, पण गावाचं नाव आहे. 'पाणी'चं 'पानी' आहे, कारण आमच्या झाडीत ते तसंच बोलतात. एकाच गाण्याचं तिसरं कडवं दोन वह्यांत दोन तऱ्हांचं आहे. मास्तर म्हणतील, एकानं चुकीचं लिहिलं. मी म्हणतो, दोन्ही बरोबर. एका गावात एक तऱ्हेनं गायलं, दुसऱ्या गावात दुसऱ्या. समोर शेतमजूर बसले असतील तर एक ओळ, रेल्वेचे कामगार असतील तर वेगळी. जुन्या पोथीत असं दिसलं की त्याला पाठभेद म्हणतात आणि त्यावर पदव्या मिळतात. आमच्या वहीत दिसलं की त्याला अशुद्धलेखन म्हणतात.

दोन वह्या शेजारी ठेवल्या की गाणं कसं घडलं ते दिसते. चाल सिनेमाची घेतली असेल तर शब्द कुठं खेचून बसवला आणि कुठं अलगद बसला ते कळते. शेवटच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा नुसती सही म्हणून आली की कवी स्वतःलाच काही बजावून राहिला, ते कळते. पुढं दुसऱ्याच गायकानं ती मुद्रा काढून स्वतःचं नाव घुसवलं असेल तर तेही वहीवालाच पकडतो. त्याच्याकडे पुरावा असतो.

अमेरिकेत 'ग्रेटफुल डेड' नावाचा एक बँड होता, 1965 ते 1995. त्याच्या मागं लोक शहरामागून शहर फिरायचे आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या टेपा करायचे. 1984 पासून बँडनं टेप करणाऱ्यांना मैदानात वेगळी जागाच दिली. टेप विकायची नाही, एकमेकांना द्यायची, असा दंडक. आज त्या टेपांवर तिकडं अभ्यास चालतो. 2016 साली बॉब डिलन या गाणी रचून गाणाऱ्या माणसाला साहित्याचं नोबेल मिळालं, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत चर्चा झडली : गाणं हे साहित्य का? आमच्या वस्तीत हा प्रश्न कधी पडलाच नाही. 1930 च्या दशकात भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत होते, तेव्हापासून गाणं हेच आमचं वर्तमानपत्र आणि गाणं हेच आमचं पुस्तक.

आपल्या दलित समीक्षेनंही इथं कंजुषी केली आहे. 'गोलपिठा' 1972 चा, 'वाटचाल' 1973 चं. 'गोलपिठा'वर किती लिहिलं गेलं! लिहायलाच पाहिजे होतं, ढसाळांनी मराठी कवितेची जमीन नांगरली. पण लगेच पुढच्या वर्षी आलेल्या 'वाटचाल'वर त्या मानानं किती लिहिलं गेलं? मुक्तछंद म्हणजे विद्रोह आणि यमक म्हणजे प्रचार, अशी एक समजूत आपल्याच शिकलेल्या पोरांनी करून घेतली. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंत विद्रोह न्यायचा तर यमकाच्याच गाडीत बसवून न्यावा लागतो. वामनदादांना ते ठाऊक होतं, नागपूरचे कव्वाल नागोराव पाटणकर यांनाही ठाऊक होतं.

इथपर्यंत मी मागं फिरणाऱ्याची बाजू घेतली. आता त्याच्याशी भांडतो, कारण तो आज बदलला आहे.

आजचा मागं फिरणारा वही आणत नाही, मोबाईल आणतो. त्याला माझी ना नाही. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर गायच्या, त्यांचा आवाज घराघरांत नेला तो मोबाईलनंच. कुण्या कंपनीनं नेला नव्हता. पण मोबाईल वर धरून हा भाऊ गाणं ऐकत नाही, स्वतःला गायकाशेजारी पाहतो. गायकाच्या नावाचा गमछा, गाडीवर गायकाचा फोटो. शंभराची नोट देऊन माईकवरून स्वतःचं नाव पुकारून घेतो. आणि फर्माईश? तीच तीन गाणी, दर गावात. चौथं गाणं सुरू झालं की हा पानठेल्यावर. दुय्यम कव्वाली असली तर दोन गायकांच्या दोन पार्ट्या पडतात, आणि कोणाच्या गाण्यात काय होतं हे सकाळी दोघांनाही सांगता येत नाही.

बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बजावलं होतं की धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेलही, पण राजकारणात ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. ते भाषण आपण जयंतीला लाऊडस्पीकरवर लावतो आणि त्याच मंडपात गायकाची भक्ती करतो. गायकाला देव केला की त्याला चांगलं गाणं लिहायची गरज उरत नाही. त्याचं काहीही चालते.

हे मी हवेत बोलत नाही. गोसीखुर्दचं उदाहरण घ्या. पवनी तालुक्यात वैनगंगेवर धरण बांधलं. भूमिपूजन 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते. अंदाज 372 कोटींचा होता, तो पुढं हजारो कोटींवर गेला. 2009 मध्ये राष्ट्रीय प्रकल्प झाला. अकरा किलोमीटरहून लांब भिंत, 33 दरवाजे. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली गावं उठली. जुन्या वह्यांवर ज्या गावांची नावं आहेत, त्यातली काही आज पाण्याखाली आहेत. जिथं गायकासाठी सतरंजी अंथरली जायची तिथं आता मासे फिरतात. वह्या मात्र लोकांनी भांड्याकुंड्यांबरोबर बांधून नवीन गावठाणात आणल्या.

अशाच एका नवीन गावठाणात मागच्या उन्हाळ्यात भीमजयंतीचा कार्यक्रम झाला. गायक नावाजलेला, गळा खणखणीत, त्याच्या मागं टेम्पो भरून पोरं आलेली. महाडच्या चवदार तळ्यावर त्यानं गायलं, 20 मार्च 1927. अंगावर काटा आला. मग नाग नदी आणि नाग लोकांवर गायलं. बाबासाहेबांनी दीक्षेसाठी नागपूर का निवडलं हे सांगताना 1956 च्या भाषणात नागांचा इतिहास सांगितला होता, तो धागा. टाळ्या पडल्या, नोटा पडल्या. तेवढ्यात एक म्हातारी उठून मंचाजवळ गेली.

"भाऊ, महाडचं झालं. आता आमच्या पान्याचं एखादं म्हना ना."

गायक हसून म्हणाला, "आजी, तसा गाना अजून बनला नाही."

"मंग बनवा ना! थेच तं सांगून रायली मी."

पोरं हसली. मला मात्र वाटलं, आंबेडकरी गाण्याची एवढी नेमकी समीक्षा मी कुठंही वाचली नाही. तिचं म्हणणं उलगडून पाहा. महाडला पाण्याला हात लावायची बंदी होती. इथं पाणीच घरात शिरलं आणि माणसाला बाहेर काढलं. दोन्हीकडं सवाल एकच : पाण्यावर हुकूम कुणाचा? आणि ती नाग नदी? नागपुरातून वाहते, कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते आणि सगळं पाणी येऊन गोसीखुर्दला थांबते. नागपूर शहराचा मैला घेऊन येते. गाण्यात नाग नदीचा इतिहास येते, आणि तिचीच घाण म्हातारीच्या दारात येते. गायकानं अर्धी नदी गायली. उरलेली अर्धी म्हातारीनं मागितली.

सगळा दोष गायकाचा नाही. कार्यक्रमाचा साचा ठरून गेला आहे : वंदना, बाबासाहेब, रमाई, संविधान, शेवटी नाचायचं गाणं. आपण जिंकलो तेवढंच मागतो. 1954 साली बाबासाहेब याच भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक हरले. मी ऐकलेल्या एकाही कार्यक्रमात त्यावर गाणं झालं नाही, कुणी मागितलंही नाही. हरण्याचं गाणं ऐकायला मोठी छाती लागते. वामनदादांनी मोठमोठ्या उद्योगपतींची नावं घेऊन संपत्तीच्या वाटपाचा हिशेब मागणारं गाणं रचलं. नाव घेऊन सवाल करायचा, ही त्यांची खरी रीत. आपण त्यांची चाल घेतली, मुद्रा घेतली, रीत सोडली. धरणाचं गाणं नुसतं रडगाणं झालं तर तेही फुकट. त्यात दरवाजे 33 आले पाहिजेत, मोबदल्याचा कागद आला पाहिजे, कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात गेलं ते आलं पाहिजे.

आणि दोस्तांनो, गायकाकडून एवढं मागायचं तर त्याच्या पोटाकडंही पाहा. तो पण मजूरच आहे. हार्मोनियमवाला, ढोलकीवाला, कोरस, टेम्पोचं भाडं काढून त्याच्या हातात काय उरते ते एकदा विचारा. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडला आपल्या घरात गळफास घेतला. त्यांची गाणी हजारो लोकांनी ऐकली होती, पण त्या दिवशी ते घरात एकटे होते. गायकाच्या मागं मंडपापर्यंत जाणारे पुष्कळ असतात. त्याच्या घरापर्यंत जाणारे पाहिजेत.

पवनीला जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये खोदकाम झालं, मोठा स्तूप निघाला. तिथल्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं आहेत. राजाचंच नाव कोरायचं असं त्या लोकांनी धरलं नाही. साध्या माणसांनी आपलं नाव आणि आपलं दान दगडावर ठेवलं, म्हणून दोन हजार वर्षांनी आपल्याला ते कळलं. आमच्या वह्या लिहिणाऱ्यांची नावं मात्र कुठंच नाहीत.

म्हणून प्रत्येक तरुण कार्यकर्त्याला माझं सांगणं आहे. गायकाच्या मागं फिरा, खुशाल फिरा, पेट्रोल जाळा. पण वही सोबत ठेवा, नाहीतर मोबाईलमध्ये तरी लिहा : तारीख, गाव, गाण्याचं नाव, कवी कोण, कोणतं कडवं बदललं, कोणी काय मागितलं. गावातल्या म्हाताऱ्यांकडच्या वह्यांचे फोटो काढा आणि वर वहीवाल्याचं नाव घाला. तीन ठरलेल्या गाण्यांची फर्माईश बंद करा. जे गाणं अजून बनलं नाही त्याची फर्माईश करा आणि गायक पुढच्या गावी गेला तर तिथंही जाऊन तीच करा. तो वैतागेल. वैतागून लिहील.

नाहीच लिहिलं, तर पेन तुमच्याही खिशात आहे. म्हातारीचं गाणं अजून बाकी आहे.

जय भीम.