मुक्त सॉफ्टवेअरमधील बीम एलिमेंट: चॅसिसच्या उदाहरणावरून परीक्षण

चेन्नईच्या उत्तरेस एन्नोर येथे अशोक लेलँडचा जुना कारखाना आहे. १९४८ साली अशोक मोटर्स या नावाने सुरू झालेल्या या कंपनीला १९५५ मध्ये आजचे नाव मिळाले. अवजड ट्रकच्या चॅसिसची चौकट शिडीसारखी असते: दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. लांब दांडे बहुधा ‘सी’ आकाराच्या चॅनेलचे असतात. एकच चाक खड्ड्यात गेले की सगळी चौकट पिळली जाते. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये ‘बीम एलिमेंट आहे’ म्हणजे नेमके काय आहे, हे तपासायला ही चौकट उत्तम.

कॅल्क्युलिक्स

या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये बी३१, बी३२ आणि बी३२आर हे बीम एलिमेंट मिळतात. पण आकडेमोडीआधी सॉफ्टवेअर त्यांचे घन एलिमेंट बनवते. उदाहरणार्थ, बी३२आरचा सी३डी२०आर होतो. फायदा असा की घन एलिमेंटची सोय बीमलाही मिळते. मर्यादा अशी की छेद आयताकार, गोल, नळी किंवा पेटी एवढेच. नळी आणि पेटी तर फक्त बी३२आरसाठी. चॅनेल या यादीत नाही. सामान्य छेदासाठी यू१ हा वेगळा एलिमेंट आहे, पण नवशिक्याचे लक्ष तिकडे सहसा जात नाही.

मग विद्यार्थी काय करतो? चॅनेलऐवजी त्याच मापांची पेटी घेतो. याची किंमत काढून पाहा. छेद २५० × ८० मिमी, जाडी ८ मिमी घ्या.

- उघडे चॅनेल: मध्यरेषेची लांबी ३९४ मिमी. पीळ-स्थिरांक = ३९४ × ८³ ÷ ३, म्हणजे सुमारे ६७,००० मिमी⁴.
- बंद पेटी: मध्यरेषेने वेढलेले क्षेत्र २४२ × ७२ मिमी², परिमिती ६२८ मिमी. पीळ-स्थिरांक = ४ × क्षेत्र² × जाडी ÷ परिमिती, म्हणजे सुमारे १,५५,००,००० मिमी⁴.

फरक सुमारे २३० पट! पडद्यावर चौकट भक्कम दिसेल, आणि सॉफ्टवेअर एकही इशारा देणार नाही, कारण तुम्ही विचारलेल्या पेटीचे उत्तर त्याने बरोबरच दिले आहे.

कोड ॲस्टर

फ्रान्सच्या ईडीएफ या वीजकंपनीच्या या सॉफ्टवेअरमध्ये बीमचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी पीओयू_डी_टीजी या प्रकारात प्रत्येक नोडला सहाऐवजी सात स्वातंत्र्य-अंश असतात. सातवा अंश वॉर्पिंगचा, म्हणजे पिळताना छेद सपाट न राहण्याचा. आडवे दांडे हे वॉर्पिंग अडवतात, त्यामुळे खरी चौकट वरच्या ६७,००० या आकड्यावरून वाटते त्यापेक्षा ताठ असते. चॅनेलसाठी हा एलिमेंट सिद्धान्ताच्या अधिक जवळचा आहे. तरीही सांध्यावर वॉर्पिंग किती अडते, हे तुम्हालाच ठरवावे लागते. शिवाय मूळ दस्तऐवज फ्रेंचमध्ये असल्याने सुरुवात अवघड जाते.

निष्कर्ष

एक सॉफ्टवेअर चांगले आणि दुसरे वाईट, असा निकाल येथे लागत नाही. दोष आहे तो सुविधांच्या तक्त्यात ‘बीम: होय’ एवढेच वाचून थांबण्यात. निवडीपूर्वी तीन प्रश्न विचारा: माझा छेद मिळतो का? पीळ-स्थिरांक कुठून येतो? वॉर्पिंग धरले आहे का?

स्वाध्याय: वरील चॅनेलचा १ मीटर लांबीचा, एका टोकाला पक्का बसवलेला दांडा शेल एलिमेंटने सोडवा. मोकळ्या टोकाला पीळ देऊन आलेला कोन दोन्ही पीळ-स्थिरांकांनी काढलेल्या कोनांशी ताडून पाहा.