जाहिरात हा आरसा नसतो : औषधांच्या जुन्या जाहिराती वाचताना

जुन्या मराठी वृत्तपत्रांवर काम करायचं ठरवलं की एक गोष्ट हमखास होते. अग्रलेख शोधायला बसलेला माणूस जाहिरातींच्या पानावर अडकतो. डोंगरे बालामृत, अमृतांजन, बाटलीवालांचं हिवतापाचं मिक्स्चर, जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्या. शेजारी कुठल्या तरी वैद्यराजांचं छायाचित्र आणि खाली बरे झालेल्या रुग्णांची पत्रं. मजा वाटते, फोटो काढले जातात आणि मग संशोधन आराखड्यात एक वाक्य येतं : ‘या जाहिराती तत्कालीन समाजमनाचा आरसा आहेत.’

हे वाक्य तुमच्याही आराखड्यात असेल तर आधी ते खोडा. आरशात दिसतं ते समोर खरोखर असतं. जाहिरातीत दिसतं ते विकणाऱ्याला दाखवायचं असतं. या दोन्हींतलं अंतर मोजणं हेच तर तुमचं काम आहे.

‘पेटंट’ म्हणजे काय नव्हतं

‘पेटंट औषध’ या शब्दापासूनच सुरुवात करा. यातल्या बहुतेक औषधांना पेटंट नव्हतंच. पेटंट घ्यायचं तर घटक उघड करावे लागतात, आणि इथे तर सगळा धंदा गुपितावर चालायचा. इंग्लंडमध्ये अशा औषधांवर १७८३ पासून कर होता आणि तो भरल्याचा सरकारी शिक्का बाटलीवर लागायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, सरकारनं औषध तपासलंय. सरकारनं फक्त पैसे घेतलेले असायचे.

आपल्याकडच्या ‘रजिस्टर्ड’ या शब्दाचंही तसंच. भारतात ट्रेडमार्क नोंदणीचा कायदा १९४० साली आला. त्याआधी नावावरची किंवा लेबलावरची मालकी सांगायची तर नोंदणी कचेरीत तसं जाहीरनामापत्र नोंदवून ठेवण्याची पद्धत होती. म्हणजे कागद नोंदलेला, औषध नव्हे. त्यामुळे १९२० च्या जाहिरातीतलं ‘रजिस्टर्ड’ वाचून ‘औषधाला शासनमान्यता होती’ असं कुणी लिहिलं, तर तो संशोधक शंभर वर्षांनंतर त्याच जाहिरातीला फसला म्हणायचं.

उसनी साक्ष

आता सगळ्यात बोलकं उदाहरण बघा. जॉन कॉलिस ब्राऊन हा भारतात नोकरी केलेला लष्करी डॉक्टर. १८४८ च्या सुमारास त्यानं कॉलऱ्यासाठी ‘क्लोरोडाइन’ तयार केलं. त्यात अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि भांगेचा अर्क. नंतर ते विलायतेत बाजारात आलं, तिथून वसाहतींत पसरलं आणि नकलाही निघाल्या. फ्रीमन नावाच्या प्रतिस्पर्ध्याशी वाद झाला. १८६४ मध्ये व्हाइस-चॅन्सेलर पेज वुड यांनी क्लोरोडाइनचा जनक ब्राऊनच असल्याचं म्हटलं आणि पुढे कित्येक दशकं हे विधान जाहिरातीत छापलं गेलं.

न्यायाधीश बोलले होते ते ‘हे कुणी शोधलं’ याबद्दल. ‘यानं कॉलरा बरा होतो का’ हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. पण जाहिरातीच्या चौकटीत दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळले. शिवाय अफूमुळे जुलाब आणि दुखणं तात्पुरतं थांबायचं, खोकला दबायचा. त्यामुळे ‘मला गुण आला’ असं सांगणारा माणूस खोटं बोलत होता असंही नाही. कॉलऱ्यात माणूस दगावतो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यानं. त्यावर क्लोरोडाइनचा उपाय नव्हता.

म्हणून माझं म्हणणं असं : जाहिरात काय दावा करते यापेक्षा ती कुणाची साक्ष उसनी घेते ते बघा. कोर्ट, सरकारी शिक्का, प्रदर्शनातलं सुवर्णपदक, संस्थानिकांचं प्रशस्तिपत्र, ऋषिमुनींचं नाव. त्या काळात अधिकार कुठे होता याचा नकाशा इथे मिळतो. आणि असं वाचलं की ‘देशी विरुद्ध विलायती’ ही आपली आवडती मांडणीही डळमळते. वैद्यराज आणि विलायती कंपनी, दोघांची औषधं वेगळी, पण पटवायची रीत बरीचशी एकच.

डॉक्टर आणि भोंदू यांच्यातली रेघ

१९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं ‘सीक्रेट रेमेडीज’ हे पुस्तक काढलं. त्यात प्रसिद्ध औषधांचं पृथक्करण होतं. बीचमच्या गोळ्यांत निघालं काय, तर कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण. काम महत्त्वाचंच. पण हेही नोंदवा की पृथक्करण करणारी संघटना डॉक्टरांची होती आणि या गोळ्या डॉक्टरांचंच गिऱ्हाईक पळवत होत्या. साक्ष खरी असूनही साक्षीदाराचा हितसंबंध असू शकतो.

मुंबई इलाख्यात १९१२ च्या कायद्यानं नोंदणीकृत डॉक्टरांचं रजिस्टर आलं. वैद्यांसाठी नोंदणीची सोय १९३८ च्या कायद्यात झाली. नोंदलेल्या डॉक्टरनं स्वतःची जाहिरात करणं व्यवसायाच्या नीतीत बसत नव्हतं. त्यामुळे त्याची प्रसिद्धी जाहिरातीच्या चौकटीत शोधू नका. दवाखाना उघडल्याची बातमी, आरोग्यावरचा लेख, रुग्णानं छापलेलं ‘जाहीर आभार’, अशा ठिकाणी बघा.

कोल्हापूरवर काम करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा. हे संस्थान होतं, ते १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. ब्रिटिश हद्दीतले कायदे इथे आपोआप लागू होत नव्हते. माल मात्र बिनदिक्कत यायचा. १८७७ मध्ये व्ही.पी.ची सोय सुरू झाली, १८९१ मध्ये मिरज–कोल्हापूर रेल्वे आली. ज्या दुखण्याचं नाव गल्लीतल्या वैद्यापुढे काढायची लाज वाटते, त्यावरचं औषध पोस्टमन आणून देऊ लागला. जाहिरातीच्या यशामागे मजकुराइतकंच टपालखातंही आहे, आणि आपण ते बहुतेक वेळा विसरतो.

गिऱ्हाईक कुठे आहे?

डग्लस हेन्स यांचा ‘सेलिंग मॅस्क्युलिनिटी’ (२०१२) हा लेख जरूर वाचा. पश्चिम भारतातल्या शक्तिवर्धक औषधांच्या जाहिरातींवर तो आहे. पण वाचताना विचारा : पुरुषांना ही चिंता होती, की ही चिंता विकता येईल असं विक्रेत्याला वाटत होतं? एकट्या जाहिरातीतून याचं उत्तर मिळत नाही. श्रीकांत बोत्रे आणि हेन्स यांचा २०१७ चा लेख इथे पुढे जातो, कारण तो र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’मधल्या (१९२७–५३) वाचकांच्या पत्रव्यवहारावर उभा आहे. तिथे विचारणारा माणूस दिसतो. तरी सावध राहा. कोणतं पत्र छापायचं ते कर्वे ठरवत, आणि संततिनियमनाची साधनं तेही विकत. म्हणून कर्वे आणि गोळ्या विकणारे एकाच माळेचे ठरत नाहीत. पण हितसंबंधाचा प्रश्न आवडत्या माणसालाही विचारायचा असतो.

ग्रंथालयात जाल तेव्हा एवढं करा. मासिकांच्या बांधीव खंडांत अनेकदा मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकलेली असतात, त्यामुळे सुटे अंक मागा. ‘या मासिकात जाहिराती नव्हत्या’ हे वाक्य त्याशिवाय लिहू नका. प्रत्येक जाहिरातीपुढे तीन रकाने आखा : दावा काय, साक्ष कुणाची, आणि ती साक्ष मुळात कशाबद्दल होती. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागेल, आणि तुमच्या प्रबंधात नवीन काही असेल तर ते बहुधा तिथूनच येईल.

ही सवय जुन्या कागदांपुरती नाही. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे, आणि तरी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पतंजलीला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल माफी मागावी लागली. आजच्या पाकिटावरही ‘प्रमाणित’ लिहिलेलं असतं. कुणी, काय आणि कशाबद्दल प्रमाणित केलं, हे विचारायला पीएच.डी. लागत नाही. पण पीएच.डी. करणाऱ्यानं तरी ते विचारायलाच हवं.