परश्याला लाभलेला वाद्यवृंद

कात्रपच्या एका कुटुंबात आम्ही मध्यंतरी घर आशीर्वादित करण्यासाठी गेलो होतो. वडील अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. मुलगा पदवीधर, चर्चच्या गायकवृंदात की-बोर्ड वाजविणारा. 'फादर, ह्याला जरा समजवा,' आई म्हणाली. मुलाला चित्रपटांसाठी वाद्यवृंदाचे संगीत लिहायचे आहे. त्याने संगणकावर केलेली एक रचना आम्हांला ऐकविली. ती लहानशी खोली व्हायोलिनांच्या नादाने भरून गेली आणि प्रत्यक्षात तेथे एकही व्हायोलिन नव्हते. त्याला काय समजवावे, हे ठरविण्यापूर्वी आम्ही त्याच्या आवडत्या चित्रपटाचे, 'सैराट'चे संगीत पुन्हा एकदा नीट ऐकावयाचे ठरविले. हे टिपण त्या ऐकण्यातून आले आहे.

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. अजय आणि अतुल गोगावले या बंधूंनी त्यातील वाद्यवृंदाचा भाग हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर, तेथील वादकांकडून वाजवून घेतला. त्या वेळी या बातमीचाच गाजावाजा फार झाला. परंतु ध्वनिमुद्रण कोठे झाले हा प्रश्न दुय्यम होय. त्या वाद्यवृंदाने चित्रपटात काय केले, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या मते 'याड लागलं' या गाण्यात त्याचे उत्तर मिळते. आपल्या चित्रपटांत व्हायोलिनांचा भरगच्च ताफा बहुधा हवेल्यांसाठी आणि श्रीमंत नायकांसाठी राखलेला असे. गावातल्या गरीब पोराच्या वाट्याला ढोलकी, नाही तर विनोदी तुणतुणे. येथे एका मच्छिमाराच्या, खालच्या मानल्या गेलेल्या जातीच्या मुलाचे मन उचंबळते आणि त्याच्यामागे संपूर्ण वाद्यवृंद उभा राहतो. गायकाची बोली रांगडी, चाल मराठी मातीतली. आणि तंतुवाद्ये मात्र त्या चालीची री न ओढता तिच्याशेजारून आपली स्वतंत्र वाट चालतात. समाज ज्याला किंमत देत नाही, त्याच्या भावनेला संगीतकार राजाचा मान देतो. ही केवळ सजावट नव्हे. हे एक विधान आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. पूर्वार्धातील पार्श्वसंगीत काही ठिकाणी प्रेक्षकाचा हात धरून त्याला 'आता आनंदित हो' असे बजावते. पडद्यावरील दोन कोवळे चेहरे जे आधीच सांगून गेले, तेच पुन्हा मोठ्याने सांगितले जाते. पण चित्रपटाची रचना हा अतिरेक पुष्कळ अंशी फेडते. चारही गाणी पूर्वार्धात संपतात. हैदराबादेतील भाड्याची खोली, काम, संशय, भांडण हे सारे गाण्यांवाचून घडते. आणि शेवटी रक्ताने माखलेली पावले उमटवीत ते लहान मूल बाहेर येते, तेव्हा आवाजच नाहीसा होतो. श्रेय अर्थात दिग्दर्शकाचेही आहे. तरी एवढा मोठा वाद्यवृंद हाताशी असताना त्याने गप्प बसणे, हा धडा कोणत्याही तरुण संगीतकाराने गिरवावा असा आहे. आधीचा नाद इतका भरघोस नसता, तर ती शांतता इतकी असह्य झाली नसती.

हे बंधू तेथवर एकाएकी पोहोचले नाहीत. वडील महसूल खात्यात, बदलीच्या गावी बालपण, घरात संगीताची परंपरा नाही. 'विश्वविनायक' हा त्यांचा ध्वनिसंग्रह २००१ सालचा. पुढे 'अगं बाई अरेच्चा!' (२००४), राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारा 'जोगवा' (२००९), 'नटरंग' (२०१०), आणि हिंदीतला 'अग्निपथ' (२०१२). पहिल्या संग्रहापासून हॉलिवूडच्या त्या दालनापर्यंत पंधरा वर्षे गेली. आरंभी वाद्यवृंद मिळत नाही. तो मिळेपर्यंत मिळेल त्या वाद्यांत काम करावे लागते.

आपल्या समाजाला ही गोष्ट नवी वाटू नये. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतातील वाद्यवृंद मोठ्या प्रमाणात गोव्याच्या चर्चशाळांतून आला. तेथे मेस्त मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकवी, उपासनेसाठी. त्याच विद्येवर ती मुले पुढे मुंबईत पोट भरू लागली. संगीतकार चाल गाऊन दाखवी. तीस-चाळीस वादकांनी काय वाजवायचे ते कागदावर उतरविणारे सेबास्टियन डिसोझांसारखे संयोजक असत. श्रेयनामावलीत मात्र यांतील बहुतेकांची नावे कधी झळकली नाहीत.

माजोर्डा येथे १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे त्यांच्यातले एक. त्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. १९५८ साली त्यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभरावर वादक जमवून भारतीय रागांवर आधारलेल्या आपल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. १९६५ साली ते अमेरिकेला गेले. परतल्यावर चित्रपटसृष्टीत न जाता गावीच राहिले आणि २०१२ साली वारले. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधल्या गाण्यामुळे त्यांचे नाव घरोघरी गेले, पण त्या नावाचा खराखुरा माणूस आहे हे किती जणांना ठाऊक होते? त्यांना हवे होते ते चित्रपटाबाहेरचे, स्वतःच्या पायांवर उभे असलेले संगीत. त्यासाठी लागणारा आश्रय त्यांना लाभला नाही.

पुढे सिंथेसायझर आले आणि वादकांचे काम आटत गेले. म्हणून 'सैराट'च्या यशात आम्हांला एक खंतही दिसते. ज्या मुंबईत एके काळी चर्चशाळेतून आलेली बोटे व्हायोलिनवर फिरत होती, तेथल्या मराठी संगीतकारांना त्या नादासाठी सातासमुद्रापलीकडे जावेसे वाटले. दोष त्यांचा नाही. आपणच मुलांच्या हाती व्हायोलिन देणे थांबविले.

आम्ही पुन्हा कात्रपला गेलो. मुलाला 'हा नाद सोड' असे सांगितले नाही, आणि त्याच्या आईवडिलांना 'सारे ठीक होईल' असेही सांगितले नाही. नोकरी शोध, ती कर, असे सांगितले. त्याचबरोबर येत्या पुनरुत्थान सणासाठी आपल्या गायकवृंदाला चार आवाजांची एक रचना लिहून दे, असा कामाचा हुकूमही दिला. संगणकातले व्हायोलिन कधी दमत नाही, चुकत नाही, श्वास घेत नाही. माणूस हे तिन्ही करतो. आपण लिहिलेली ओळ एखाद्या आजीच्या गळ्याला झेपत नाही, हे एकदा समोर उभे राहून ऐकल्याखेरीज संगीतकाराला आपली चूक कळत नाही. अँथनी गोन्साल्विसांचे वडील माजोर्ड्याच्या चर्चमध्ये गायकवृंद चालवीत. त्या मुलाची सुरुवातही तेथूनच झाली होती.

वडिलांनी एवढेच विचारले, 'फादर, व्हायोलिन केवढ्याला मिळते?'