रतनसुत्ताची अट्ठकथा : महामारी आणि मनाचा आधार

महामारीचा विषय निघाला की आपल्याकडे रतनसुत्ताची आठवण होते. २०२० साली कोविडच्या टाळेबंदीतही अनेक घरांतून हे परित्राण म्हटले गेले. परंतु ते कशासाठी म्हणावे, याची चिकित्सा फारशी झालेली नाही. पठणाने रोग हटतो असे मानणारे एका टोकाला, तर सुत्तच भाकड म्हणून बाजूस सारणारे दुसऱ्या टोकाला. प्रस्तुत लेखकाच्या मते या दोन्ही पक्षांनी अट्ठकथा नीट वाचलेली नाही.

मूळ सुत्त १७ गाथांचे असून ते खुद्दकपाठ व सुत्तनिपात या दोन्ही ग्रंथांत येते. त्यात वैशालीचा, दुष्काळाचा वा रोगाचा उल्लेखच नाही. वैशालीची कथा येते ती अनेक शतकांनंतरच्या परमत्थजोतिका या अट्ठकथेत. इतिहासाचा पुरावा म्हणून ती दुबळी आहे, हे मान्य करावे लागते. मात्र तिच्यातील समाजनिरीक्षण विलक्षण आहे. प्रथम अवर्षण, मग दुर्भिक्ष. त्यात प्रथम मरतात ती गरीब माणसे. त्यांची प्रेते नगराबाहेर टाकली जातात, दुर्गंधी पसरते, अमनुष्यांचा संचार होतो आणि अखेर अहिवातक रोग उद्भवतो. रोग सर्वांना गाठतो, पण त्याची सुरुवात दरिद्री माणसाच्या उपेक्षेतून होते, हे अट्ठकथाकाराने कार्यकारणाच्या क्रमानेच मांडले आहे.

यापुढील प्रसंग अधिक मननीय आहे. राजा सर्वांना संथागारात जमवून 'माझ्या हातून काही अधर्म घडला आहे काय, ते शोधा' असे सांगतो. लोक शोध घेतात आणि त्यांना दोष सापडत नाही. संकटात दोषी शोधण्याची माणसाची सवय जुनीच आहे. पण येथे सत्ताधारी स्वतःलाच प्रथम तपासणीस उभा करतो. २०२० मध्ये आपण काय केले? शहरातून परतलेल्या मजुराकडे, बाधिताच्या घराकडे, कित्येक ठिकाणी परिचारिकेकडेही संशयाने पाहिले.

भगवंतांच्या पात्रातील पाणी शिंपडत आनंद लिच्छवी कुमारांसह तटांमधून फिरतो व अमनुष्य पळतात, हा भाग बुद्धीला पटणारा नाही. जे बुद्धीला व तर्काला धरून आणि मानवाच्या हिताचे, तेच बुद्धवचन, ही बाबासाहेबांची कसोटी येथे लावलीच पाहिजे. ती लावल्यावर उरते ते हे की, ज्या नगरातून प्रेते बाहेर फेकली जात होती, त्या नगरात एक भिक्षू पायी हिंडला. नंतर संथागारात, सर्वांसमक्ष, सात दिवस सुत्त सांगितले गेले. एकाकी पडलेली माणसे पुन्हा एकत्र बसली. मनाला आधार मिळाला तो यातून. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. त्यांनी कोणताही मंत्र शिंपडला नव्हता.

महामारीतील मानसिक यातनांविषयी बोलताना सल्लत्थसुत्तातील दोन बाणांचा दृष्टान्त हमखास दिला जातो. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा मनाच्या शोकाचा. दृष्टान्त अचूक आहे. त्याचा वापर मात्र एकांगी होतो. 'मन आवरा, ध्यान करा' एवढ्यावर उपदेश संपतो. वास्तविक दुसरा बाण अनेकदा शेजारी मारतात, व्यवस्था मारते. अंत्यदर्शनही न मिळालेल्या आईला केवळ आनापानसति सांगणे म्हणजे तिच्या दुःखाचे उत्तरदायित्व तिच्यावरच टाकणे होय.

वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवीचे उदाहरण घेऊ. बंजारा समाजाची ही काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. २०२० ची रामनवमी २ एप्रिलला, ऐन टाळेबंदीत आली आणि जत्रा भरली नाही. तांड्यातांड्यांतून येणाऱ्या माणसांची वर्षाची भेट हुकली. पुढे २३ फेब्रुवारी २०२१ रोजी एका मंत्र्यांच्या भेटीच्या वेळी तेथे हजारोंची गर्दी झाली. त्यानंतर गावात काही जण बाधित आढळले. टीका झाली आणि ती रास्तही होती, कारण समूहाचा आधार रोगप्रसाराची वाट होऊ नये. पण समूहापासून तुटलेल्या माणसाचे वर्ष कसे गेले, हे विचारणाराही कोणी हवा होता. आपले धम्ममेळावेही याच दुहेरी प्रश्नासमोर उभे होते, हे विसरून पोहरादेवीकडे बोट दाखवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

उत्तर विनयात आहे. महावग्गात रुग्णसेवकाचे पाच गुण सांगितले आहेत : तो औषध सिद्ध करू शकतो, पथ्यापथ्य जाणतो, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करतो, मलमूत्राची किळस करीत नाही, आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाचे मन उल्हसित करतो. हा क्रम ध्यानात घ्यावा. औषध पहिले, धम्मकथा शेवटी; पण धम्मकथेवाचून सेवा अपुरी. २०२२ पासून शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. विहाराच्या फलकावर सुत्तपठणाच्या वेळेखाली हा क्रमांकही लिहिला जावा. शोकग्रस्त घरी जाऊन बसणारे दोन उपासक प्रत्येक वस्तीत असावेत. असे झाले तरच रतनसुत्त म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे.