गाळलेली सुट्टी

'इन्सेशिएबल' ही नेटफ्लिक्सची मालिका ऑगस्ट २०१८मध्ये आली, पण तिच्यावरून भांडण जुलैतच पेटलं होतं. नुसता ट्रेलर बघून दोन लाखांहून जास्त लोकांनी ती दाखवूच नका म्हणून ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या. न बघता मत देणं मला जमत नाही, म्हणून मी पहिला सीझन बसून बघितला. मालिका फसलीये हे खरं. पण माझं कारण वेगळं आहे.

पॅटी ही जॉर्जियातली शाळकरी मुलगी. शाळेत तिला 'फॅटी पॅटी' म्हणतात. चॉकलेटवरून एका बेघर माणसाशी मारामारी होते, तिचा जबडा मोडतो, तो तारेने बांधतात आणि सुट्टीभर पातळ पदार्थांवर राहून ती बारीक होऊन शाळेत परतते. मग सूड, सौंदर्यस्पर्धा वगैरे. पॅटी जाड असतानाच्या प्रसंगांसाठी सडपातळ डेबी रायनला फुगीर सूट चढवलाय, आणि लोक त्यावर बरेच चिडले होते. माझी तक्रार त्या सुट्टीबद्दल आहे. जे काही घडायचं ते सुट्टीत घडतं, आणि मालिका ती दोन वाक्यांत उरकते.

याचं जास्त वाईट वाटतं ते लॉरेन गसिसमुळे. मालिका तिचीच. वाद चालू असताना तिने स्वतःबद्दल जाहीरपणे सांगितलं होतं: तेराव्या वर्षी जिवलग मैत्रिणींनी साथ सोडली, छान दिसलो तर सगळं ठीक होईल असं वाटलं, आणि झाला तो खाण्याचा विकार. म्हणजे ही मधली जागा जिला आतून माहीत होती, तिनेच ती एका ठोशावर सोडून दिली.

त्या जागेत काय असतं? न उघडता घरी आलेला डबा. 'मैत्रिणीकडे खाल्लं' ही रोजची थाप. दिवसभर पोट मारल्यावर शरीर गप्प बसत नाही. रात्री सगळे झोपले की ओट्यापाशी उभ्याउभ्या बिस्किटांचे पुडे संपतात. मग लाज, आणि शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी परत उपाशी. चिडवणारे शाळेपुरते असतात. उरलेल्या वेळात पोरगी ते काम स्वतःच करायला लागते.

'चिडवलं की मनावर घेतात पोरं, सुधारतात' हे आपल्याकडे फार ऐकू येतं. मिनेसोटा विद्यापीठाच्या 'प्रोजेक्ट ईट'मध्ये किशोरवयीन मुलांच्या खाण्याची माहिती १९९८-९९पासून गोळा केली गेली. पंधरा वर्षांनी त्याच मुलांकडे परत गेल्यावर काय दिसलं (२०१७चा पेपर आहे), तर वजनावरून चिडवलं गेलेल्यांमध्ये पुढे लठ्ठपणाचं प्रमाण जास्तच होतं. घरच्यांकडून चिडवलं गेलेल्या मुलींमध्ये मन मारण्यासाठी खाणं आणि वजनासाठी घातक उपाय करणंही जास्त होतं. एवढ्यावर एक अख्खी मालिका उभी राहिली असती.

मालिकेत घरचे लोक जवळपास सुटतात. आपल्याकडे ते सुटणार नाहीत. 'सुटलीस गं!' हे लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाच्या रांगेत, हातात ताट असताना ऐकवलं जातं. चवळीची शेंग म्हणजे कौतुक, ढब्बी म्हणजे लाड. यातलं काहीच छळ म्हणून मोजलं जात नाही, आणि चिडलं तर 'गंमत कळत नाही हिला'. पण त्याहून अवघड वाक्य नंतर येतं: 'बारीक झालीस की! काय केलंस?' पाळी बंद झालेली असते, नाडी मंदावलेली असते, आणि मावशी डाएट विचारत असते. वजन 'नॉर्मल'मध्ये असूनही ॲनोरेक्सियासारखाच गंभीर आजार असू शकतो, हे २०१३च्या डीएसएम-५मध्ये नोंदलेलं आहे. जाड मुलीचं वजन झपाट्याने उतरतंय याची काळजी कुणाला वाटत नाही. 'इन्सेशिएबल'लाही वाटत नाही. बारीक पॅटी कॉरिडॉरमधून चालत येते तेव्हा कॅमेराही त्या मावशीसारखाच खूश असतो.

'दम लगा के हैशा' (२०१५) इथे आठवतो. संध्या शाळकरी नाही, बीएड झालेली बायको आहे, तरी तुलना करावीशी वाटते. नवरा मित्रांमध्ये तिच्या शरीराबद्दल घाणेरडं बोलतो, ती सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवते. शेवटी तो तिला पाठीवर घेऊन शर्यत धावतो. शरत कटारिया तिचं वजन एक किलोनेही कमी करत नाही, आणि त्यामुळे चिडवणं हा चिडवणाऱ्याचाच प्रश्न राहतो. मला हा सिनेमा म्हणूनच आवडतो.

पुढे भूमी पेडणेकरने भूमिकेसाठी वाढवलेलं वजन उतरवलं, आणि त्याच्या आधी-नंतरच्या फोटोंवर कितीतरी लेख झाले. डावीकडच्या फोटोत संध्या आहे.