‘सर्वसाधारणपणे’ : भाषाधोरणाची संहिता आणि बारामती-इंदापूर

शासननिर्णय ही साहित्यकृती नव्हे. परंतु ती भाषेत घडलेली कृती आहे, आणि म्हणून समीक्षेच्या कक्षेबाहेरची नाही. जे. एल. ऑस्टिन यांनी ज्या उक्तींना कृतिरूप मानले, त्यांचा अस्सल नमुना शोधावयाचा तर तो येथेच सापडेल. ‘असेल’ असे लिहिले की तसे होणे अपेक्षित असते. प्रश्न असा, की ही उक्ती कोणाला उद्देशून केली जाते, आणि तिच्या श्रोत्यांत कोण बसत नाही?

महाराष्ट्र शासनाने १६ एप्रिल २०२५ च्या निर्णयाने मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. विरोध झाल्यानंतर १७ जून २०२५ च्या सुधारित निर्णयात ‘अनिवार्य’ हा शब्द गेला आणि त्याच्या जागी ‘सर्वसाधारणपणे’ आला. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा घेण्याची मुभा मिळाली, मात्र इयत्तेत किमान २० विद्यार्थ्यांनी तशी इच्छा दर्शविली पाहिजे, ही अट राहिली. २९ जून २०२५ रोजी दोन्ही निर्णय रद्द करण्याची घोषणा झाली व डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. निर्णय गेले, त्यांतील भाषेची रीत मात्र त्यांच्याबरोबर गेली असे मानण्याचे कारण नाही.

‘सर्वसाधारणपणे’ हे क्रियाविशेषण वर्णनाचा आव आणते. ‘अनिवार्य’ आज्ञा देते, म्हणून तिला नकार देता येतो. ‘सर्वसाधारणपणे’ केवळ वस्तुस्थिती सांगितल्यासारखे करते, म्हणून नकार देणाऱ्यालाच अपवाद ठरावे लागते. नियम बोलत नाही, अपवादाला मात्र अर्ज करावा लागतो. आज्ञेपेक्षा ही सौम्य उक्ती अधिक परिणामकारक ठरण्याचा संभव असतो, तो यामुळेच.

आता ही संहिता बारामती-इंदापूर तालुक्यांत वाचून पाहावी. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर येथील ऊसशेती उभी राहिली आणि शेतकरी गावठाण सोडून मळ्यात राहू लागला. वस्तीशाळा ही या भूगोलाची निर्मिती होय. जेथे संपूर्ण शाळेचा पट विसाच्या आसपास घुटमळतो, तेथे एका इयत्तेत २० इच्छुक कोठून आणावयाचे? याच आकड्याचा आणखी एक संदर्भ ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २०२३ मध्ये समूहशाळांचा प्रस्ताव पुढे आला, तो २० पेक्षा कमी पटाच्या शाळांविषयीच होता. एका ठिकाणी २० हा शाळेच्या अस्तित्वाचा उंबरठा, दुसऱ्या ठिकाणी भाषेच्या निवडीचा. लहान शाळेच्या बाबतीत निवडीचे स्वातंत्र्य कागदावर दिले जाते आणि त्याच कागदावर काढूनही घेतले जाते.

एकात्म भाषा ही कधी दत्त नसते, ती सतत मांडावी लागते, हे बाख्तिन यांचे प्रतिपादन येथे उपयोगी पडते. एकभाषिक भासणाऱ्या प्रदेशातही अनेक बोली आणि व्यवहारभाषा एकमेकींवर आदळत असतात. हंगाम सुरू झाला की छत्रपती, माळेगाव, सोमेश्वर या कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. त्यांत मराठवाड्याची मराठी ऐकू येते, तशी बंजारा कुटुंबांची गोरमाटीही. २०११ च्या जनगणनेत बंजारी आणि लमाणी या मातृभाषांची नोंद हिंदीच्या गटात झाली आहे. म्हणजे कोपीतल्या बंजारा मुलाची ‘तिसरी भाषा’ कोष्टकानुसार त्याची मातृभाषाच ठरते! प्रत्यक्षात मराठी ही त्याची दुसरी, इंग्रजी तिसरी आणि हिंदी चौथी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मातृभाषेतून शिक्षणाचा पुरस्कार करते, पण ‘शक्य असेल तेथे’. या मुलाच्या बाबतीत शक्यतेचा प्रश्न उपस्थितच होत नाही. कारण त्याची भाषा मोजणीपूर्वीच दुसऱ्या नावाखाली गेलेली असते.

परकीय भाषांचे चित्र याहून निराळे नाही. हेच धोरण माध्यमिक स्तरासाठी कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज व रशियन ही नावे उदाहरणादाखल देते. बारामतीत पियाजिओ आणि फेरेरो या दोन इटालियन उद्योगांचे कारखाने आहेत; यादीत इटालियन नाही. यादी परिपूर्ण असावी असा आग्रह येथे नाही. परंतु भाषा शिकण्याचे प्रयोजन परिसरातून उगवते, हे सूत्र यादीच्या रचनेत कोठेच दिसत नाही, एवढे नमूद केले पाहिजे.

या ठिकाणी मोरोपंतांची (१७२९–१७९४) आठवण अपरिहार्य आहे. पन्हाळ्यावर संस्कृताचे अध्ययन झालेला हा कवी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत कऱ्हेकाठी राहिला. प्राकृतातील गाथेशी नाते सांगणारी आर्या त्याने मराठीत अशी रुळविली की ती त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. येथे दुसरी भाषा पहिलीला दडपीत नाही, तिच्या सामर्थ्याची कसोटी पाहते. मात्र हे उदाहरण गौरवापुरते घेणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते अध्ययन जातीने आणि आश्रयाने मर्यादित होते. त्याच कऱ्हेकाठच्या बहुसंख्यांना ते दार बंद होते. आधुनिक धोरणाचे समर्थन होते ते याच कारणासाठी : आश्रय ज्यांना मिळत नाही त्यांच्यासाठी दार उघडण्याचे काम शासनाखेरीज कोण करणार?

शिक्षक व पैसा मर्यादित असल्याने संख्येची काही अट अटळ आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण संख्या कोठे मोजावयाची, हा निर्णय तांत्रिक नसून भाषिक न्यायाचा आहे. इयत्तेऐवजी शाळांच्या केंद्राच्या पातळीवर मागणी मोजली आणि एक शिक्षक अनेक शाळांत फिरता ठेवला, तर वस्तीशाळेलाही निवड उरते. हंगामी मुलांसाठी गोरमाटी जाणणारा साहाय्यक वर्गात असणे, ही तिसऱ्या भाषेच्या वादाआधीची गरज आहे. आणि त्या भाषेची नोंद तिच्या नावाने होणे, ही त्याही आधीची.

विविधतेचा पुरस्कार करणाऱ्या संहितेची परीक्षा ती किती भाषांची नावे घेते यावर होऊ नये. तिच्या ‘सर्वसाधारण’ या पदात कोण मावत नाही, यावर व्हावी.