रेडशर्ट: थांबल्यामुळे चमकले, की चमकणारे उरले?

‘अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये रेडशर्ट झालेले खेळाडू पुढे जास्त चांगले खेळतात, म्हणजे पहिलं वर्ष थांबणं फायद्याचं असतं.’ वाक्य दिसायला सरळ आहे. पण तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर या ‘म्हणजे’पाशी जरा थांबा. खरा घोळ तिथेच आहे.

आधी नियम समजून घेऊ. तिकडचं फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून खेळतात ते. एनसीएए ही संस्था कॉलेज खेळांचे नियम ठरवते. तिच्या वरच्या श्रेणीचा, म्हणजे डिव्हिजन वनचा, मूळ नियम असा: पूर्णवेळ प्रवेश घेतला की घड्याळ सुरू होतं आणि पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात. उरलेलं एक वर्ष म्हणजे रेडशर्ट. त्या वर्षी खेळाडू वर्गात बसतो, संघाबरोबर सराव करतो, शिष्यवृत्तीही घेऊ शकतो, पण सामने खेळत नाही. दुखापत झाली तर वेगळी सवलत आहे: ती हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात झालेली हवी आणि तोवर साधारण ३० टक्क्यांहून जास्त सामने खेळलेले नसावेत.

आपल्याकडे नीटसाठी ‘ड्रॉप घेतला’ म्हणतात, त्यासारखंच वाटतं ना? एक मोठा फरक आहे. ड्रॉप विद्यार्थी आणि घरचे मिळून ठरवतात. रेडशर्टमध्ये कोणाला मैदानात उतरवायचं हे मुख्यतः प्रशिक्षकाच्या हातात असतं.

आता त्या वाक्याकडे परत या. पहिली अडचण निवडीची. जो मुलगा पहिल्याच वर्षी तयार असतो त्याला प्रशिक्षक बसवून ठेवत नाही. शिवाय शाळा सुटून तीन वर्षं झाली की एनएफएलचा दरवाजा उघडतो, त्यामुळे सगळ्यात सरस खेळाडू अनेकदा पाचव्या वर्षापर्यंत थांबतच नाहीत. म्हणजे ‘रेडशर्ट न झालेल्या’ गटातले उत्तम लोक तुमच्या तक्त्यातून आधीच निघून गेलेले असतात.

दुसरी अडचण टिकून राहण्याची. रेडशर्ट झालेल्यांपैकी काही जण कंटाळून खेळ सोडतात, काही कॉलेज बदलतात. पाचव्या वर्षी मैदानात दिसतात ते गाळून उरलेले. त्यांची सरासरी काढून ‘थांबण्याचा फायदा’ मोजणं म्हणजे परीक्षेला बसलेल्यांचाच निकाल बघून क्लासची जाहिरात करणं.

तिसरी अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २०१८ पासून फुटबॉलमध्ये चार सामन्यांपर्यंत खेळूनही रेडशर्ट टिकतो. म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला कोण रेडशर्ट आहे हे बऱ्याचदा ठरलेलंच नसतं. कोणी चार सामन्यांत चमकला तर पाचवा खेळतो आणि त्याचा शिक्का जातो. कोणी फिका पडला तर शिक्का राहतो. जे लेबल कामगिरी बघून लागलं, त्याच लेबलवरून कामगिरी समजावायला निघालो तर आपण गोल गोल फिरणार.

मग काय करायचं? एका वर्षी प्रवेश घेतलेले सगळे खेळाडू पहिल्या दिवसापासून घ्या, मधेच गेलेल्यांनाही यादीत ठेवा, आणि गट पाडताना त्या दिवशी उपलब्ध असलेली माहितीच वापरा. ‘२०१८च्या आधी आणि नंतर’ अशी तुलना सुचेल, पण जपून. २०१८ला आलेल्या मुलांचा तिसरा हंगाम २०२०चा, आणि कोविडमुळे तो हंगाम कोणाच्याच चारात धरला गेला नाही. घड्याळच बदललं की जुनी मोजपट्टी चालत नाही.

हा सगळा कीस कशाला पाडायचा? कारण हे वर्ष आता पैशाचं आहे. जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या आणि प्रतिमेच्या वापरातून कमाई करता येते. व्हँडरबिल्टचा क्वार्टरबॅक डिएगो पाविया आधी ज्युनियर कॉलेजमध्ये खेळला होता. ते हंगाम आपल्या पात्रतेतून वजा करू नयेत, त्यामुळे आपलं उत्पन्न बुडतं, असं म्हणत तो कोर्टात गेला. डिसेंबर २०२४मध्ये टेनेसीतल्या फेडरल कोर्टाने त्याच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. पात्रतेचं एक वर्ष म्हणजे फक्त खेळाचा प्रश्न नाही, हे त्यातून उघड झालं.

म्हणूनच माझी टीका त्या सरळ वाक्यावर आहे. ‘थांबणं फायद्याचं’ हे नीट न तपासता म्हटलं, की एका अठरा वर्षांच्या मुलाला बाकावर बसवण्याचा निर्णय आपोआप त्याच्याच हिताचा ठरतो. कदाचित तो तसा असेलही. पण तो फायदा कोणाचा, संघाचा की मुलाचा, हे त्या आकड्यात कुठेच मोजलेलं नसतं.

तुमच्या विषयात असं एखादं लेबल असेलच: ‘गळती’, ‘रिपीटर’, ‘लाभार्थी’. मॉडेल चालवण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारा. हे लेबल कोणी लावलं? केव्हा लावलं? आणि लावताना त्यांच्या हातात काय माहिती होती?